इंग्लिशमधला 'गेट' कसा वापरायचा: मराठी मिडियमवाल्यांसाठी पायरी पायरीनं

बेळगावात 'गेट' म्हटलं की आधी टिळकवाडीतली रेल्वे गेटं डोळ्यासमोर येतात, पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट, पत्ता सांगताना पण आपण 'दुसऱ्या गेटाच्या अलीकडं' असंच सांगतो. हा लेख त्या गेटाचा नाही. हा जी-ई-टी वाला गेट, जो इंग्लिश बोलणारा माणूस दर दोन वाक्याला वापरतोय आणि आपण शाळेत त्याचा एकच अर्थ पाठ केलाय, मिळणे.

मी संध्याकाळी शहापुरात बोलायच्या इंग्लिशचा क्लास घेते. येणारी पोरं-पोरी खानापूर, येळ्ळूर, हिंडलगा, निपाणी साईडची, कोण मराठी मिडियम, कोण कन्नड मिडियम, एसएसएलसीला (म्हणजे दहावीला) इंग्लिशमध्ये चांगले मार्क असतात, ग्रामर तर माझ्यापेक्षा भारी पाठ असतंय, पण समोरचा माणूस 'आय विल गेट इट डन' म्हणाला की चेहरा कोरा. मग शब्दन् शब्द लावायला बसायचं, मी ते मिळणार केलेलं, असलं कायतरी होतंय. म्हणून हे लिहिलंय, नवीन शिकणाऱ्यांसाठी. एका दिवसात वाचून टाकू नका, एकेक पायरी घ्या आणि दोन-तीन दिवस तेवढंच वापरून बघा.

इंग्लिशमध्ये सगळ्यात जास्त अर्थ असलेला शब्द गेट नाही बरं का. ऑक्सफर्डची ती मोठी वीस खंडांची डिक्शनरी 1989 साली निघाली त्यात सगळ्यात लांब नोंद 'सेट' या शब्दाची होती, पुढं 'रन'नं त्याला मागं टाकलं. पण रोजच्या बोलण्यात, फोनवर, ऑफिसात, बसमध्ये जो शब्द सारखा कानावर पडतो तो गेट, म्हणून सुरुवात यानं करायची.

पहिली पायरी: आधी तोंडातनं नीट काढा

देवनागरीत लिहिताना जी-ई-टी पण 'गेट' आणि फाटकाचं पण 'गेट', कारण मराठीत ए एकच आहे. इंग्लिशमध्ये मात्र दोन्ही वेगळे. पुण्याच्या माणसाला हे समजवायला वेळ लागतो पण बेळगावकराला नाही लागत, कारण कन्नडात ऱ्हस्व ए आणि दीर्घ ए अशी दोन वेगळी अक्षरंच आहेत. 'एल्ली' म्हणजे कुठं, त्यातला ए आखूड. 'एनु' म्हणजे काय, त्यातला ए लांब. जी-ई-टी मध्ये एल्लीचा ए वापरायचा, झटकन तोडायचा. फाटकाला एनुचा ए जवळचा, थोडा ताणायचा. दोन्ही मोठ्यानं चार-पाच वेळा म्हणून बघा, एल्ली, गेट, एनु, गेट. कन्नड बिलकुल येत नसेल तर शेजारच्या अक्कांकडनं हे दोन शब्द म्हणून घ्या आणि कान देऊन ऐका. पेन-पेन्सिलमधला पेन आणि दुखण्याचा पेन यांच्यातला फरक पण हाच आहे, एक जमलं की दुसरं आपोआप जमतंय.

दुसरी पायरी: 'गेट'कडं बघू नका, त्याच्या मागं (म्हणजे त्याच्यानंतर) काय आलंय ते बघा

या लेखातली मेन गोष्ट ही आहे, बाकी सगळं हिच्यातनंच निघतंय.

आपला 'लागणे' घ्या. नोकरी लागली, भूक लागली, ठेच लागली, फोन लागला, निकाल लागला, खानापूर सोडलं की पुढं लोंढा लागतं, चोर्ला घाटात एकीला बस लागली, अण्णा कामाला लागले. एवढ्या ठिकाणी लागणे आहे आणि आपल्यापैकी कुणीच कधी लागणेचे अर्थ पाठ केले नाहीत. शेजारचा शब्द बघितला की अर्थ कळतो. बस लागली म्हटल्यावर ती स्टँडला फलाटावर लागली की कुणाला उलटी झाली हे सुद्धा आपण पुढच्या-मागच्या बोलण्यावरनं ओळखतो, विचार पण करायला लागत नाही. गेट तसाच आहे. एकट्या गेटला फारसा अर्थ नाही, त्याच्या मागनं नाम आलं, विशेषण आलं, ठिकाण आलं की क्रियापदाचं तिसरं रूप आलं यावर सगळं ठरतंय. त्यामुळं वाक्य ऐकताना गेट ऐकू आला की तिथं थांबायचं नाही, कान पुढच्या शब्दाला लावायचा.

तिसरी पायरी: मागं वस्तू आली तर मिळणे, आणणे, घेणे

हा सोपा भाग, शाळेत झालेला. आय गॉट अ जॉब, नोकरी मिळाली. आय गॉट सेव्हंटी इन मॅथ्स, गणितात सत्तर पडले. डिड यू गेट माय मेसेज, माझा मेसेज मिळाला काय. कन्नडात जिथं जिथं 'सिक्तु' म्हणता तिथं बहुतेक वेळा हा गेट बसतो, 'केलसा सिक्तु' म्हणजे गॉट अ जॉब.

पण नुसतं मिळणे नाही, आणणे पण हाच. 'गेट मी सम वॉटर' म्हणजे मला जरा पाणी आण. 'आय विल गेट कुंदा फॉर यू' म्हणजे तुमच्यासाठी कुंदा घेऊन येतो, मग तो विकत घेऊन आणा नाहीतर घरातला आणा, गेटला फरक पडत नाही.

आजारपण पण यातच येतं, आणि इथं एका बारक्या 'अ'नं घोटाळा होतो. 'आय गॉट अ कोल्ड' म्हणजे सर्दी झाली. 'आय गॉट कोल्ड' म्हणजे मला थंडी वाजली, गारठलो. पहिल्यात कोल्ड हे नाम आहे, दुसऱ्यात विशेषण, म्हणून अर्थ बदलला. दुसऱ्या पायरीत जे सांगितलं ते इथं एका अक्षरात दिसतंय बघा.

अजून दोन छोटी वाक्यं, फार कामाची. हॉटेलात बिल आलं आणि कोण म्हणाला 'आय विल गेट धिस', तर तो बिल मी देतो म्हणतोय, त्याला देऊ द्या. दाराची बेल वाजली आणि कोण म्हणालं 'आय विल गेट इट', म्हणजे थांब, मी बघतो. फोन वाजल्यावर पण तेच.

चौथी पायरी: मागं विशेषण आलं तर होणे

गेट अँग्री, राग येणे. गेट टायर्ड, दमणे. गेट रेडी, तयार होणे. गेट वेट, भिजणे. गेट बेटर, बरं वाटायला लागणे किंवा सुधारणे. इथं बदल दाखवायचा असतो, आधी तसं नव्हतं आता झालं. 'आय वॉज वेट' म्हणजे मी भिजलेलो होतो, 'आय गॉट वेट' म्हणजे मी भिजलो. आपल्याकडं जून-जुलैमध्ये छत्री विसरली की दुसरं वाक्य लागतंय.

कन्नडवाल्यांना इथं 'आतु' (झालं) आठवायचा. लेट आतु, रेडी आतु, आपण घरात पण रेडी झालो, लेट झाला असंच म्हणतो की, म्हणजे गाडी निम्मी रुळावर आहेच. फक्त एक सवय मोडायची. आपल्याकडं सगळे 'आय ॲम गेटिंग लेट' म्हणतात, भारतात कुणाला अडचण येत नाही, पण बाहेर 'इट्स गेटिंग लेट' म्हणतात, म्हणजे वेळ बराच झालाय, आणि स्वतःला उशीर होत असेल तर 'आय ॲम रनिंग लेट'. माणूस रन करतो, वेळ गेट होतो, असं ध्यानात ठेवा.

आणि इथंच 'गेट यूज्ड टू', सवय होणे. हिच्या मागनं क्रियापद आलं तर आयएनजी लावायचं. 'आय गॉट यूज्ड टू ईटिंग चपाती' बरोबर, 'यूज्ड टू ईट' केलं की आधी खायचो आता खात नाही असा अर्थ होतो, आणि गॉट तिथं बसतच नाही.

पाचवी पायरी: मागं ठिकाण आलं तर पोचणे

'आय गॉट टू खानापूर ॲट नाइन', नऊला खानापुरात पोचलो. गावाच्या आधी टू पाहिजे. पण होम, हिअर, देअर यांच्या आधी टू नको, गेट होम, गेट हिअर, गेट देअर. 'गेट टू होम' हे इतक्या जणांच्या तोंडात बसलंय की ते काढायला महिना जातो. आणि 'रीच'चं उलटं, रीचच्या मागं टू येतच नाही, रीच्ड खानापूर, बस्स.

सहावी पायरी: मागं तिसरं रूप आलं तर काहीतरी घडलंय

तिसरं रूप म्हणजे डन, स्टोलन, ब्रोकन, सिलेक्टेड वगैरे. 'माय फोन गॉट स्टोलन', फोन चोरीला गेला. 'द ट्रेन गॉट कॅन्सल्ड', ट्रेन रद्द झाली. 'शी गॉट सिलेक्टेड', तिचं सिलेक्शन झालं. 'वी गॉट स्टक नियर संकेश्वर', संकेश्वरजवळ अडकलो. कुणी केलं ते महत्त्वाचं नाही, कुणाच्या बाबतीत झालं ते महत्त्वाचं. बहुतेक वेळा अचानक झालेलं किंवा वाईट झालेलं असतंय, पण प्रमोशन, सिलेक्शन असलं चांगलं पण चालतं.

वॉज आणि गॉट मधला फरक परत इथं पण आहे. 'द गेट वॉज क्लोज्ड' म्हणजे मी गेलो तेव्हा फाटक बंद होतं. 'द गेट गॉट क्लोज्ड' म्हणजे बंद झालं, माझ्या डोळ्यासमोर नाहीतर मी पोचायच्या आत. ऑफिसात उशिरा गेल्यावर कारण सांगायला दुसरं जास्त उपयोगी आहे.

'गेट मॅरीड' पण याच घरातला. लग्न झालं. हिच्या मागं विथ लावायचं नाही, टू लावायचं. आपण 'तिच्याशी लग्न' म्हणतो म्हणून विथ सुचतो, पण इंग्लिशमध्ये 'गॉट मॅरीड टू हर', नाहीतर सरळ 'मॅरीड हर', त्यात काहीच नको.

सातवी पायरी: करून घेणे. इथं जरा जास्त वेळ द्या

माझ्या मते आपल्याकडच्या पोरांना सगळ्यात जास्त गरज या गेटची आहे आणि शाळेत सगळ्यात कमी हाच शिकवतात.

क्लासमधला एक पोरगा, आयटीआय झालेला, उद्यमबागेत एका युनिटमध्ये इंटरव्ह्यूला गेला. मुलाखतीला थोडा उशिरा पोचला म्हणून कारण सांगितलं, 'आय रिपेअर्ड माय बाइक, सो लेट.' समोरचे साहेब खूष झाले की ओ, विचारलं, काय बिघडलं होतं, काय काय खोललंस, कुठला पाना वापरलास. आता यानं गाडी गॅरेजला टाकली होती, स्वतः चहा पीत बसला होता. त्याला म्हणायचं होतं करून घेतली, आणि इंग्लिशमध्ये म्हणाला केली. तिथनं पुढं पाच मिनिटं तो काय बोलला ते त्यालाच माहीत. नोकरी लागली, पण ते वेगळं.

बरोबर वाक्य असं, 'आय गॉट माय बाइक रिपेअर्ड.' आधी गेट, मग वस्तू, मग तिसरं रूप. हा क्रम हलवायचा नाही. 'आय गॉट रिपेअर्ड माय बाइक' म्हटलं की मोडलं सगळं. याच साच्यात आपली रोजची कामं बसवा. केस कापून घेतले, 'आय गॉट माय हेअर कट'. ब्लाऊज शिवून घेतला, 'आय गॉट अ ब्लाऊज स्टिच्ड'. उताऱ्याची झेरॉक्स काढून घेतली, 'आय गॉट द उतारा फोटोकॉपीड'. रेशन कार्डात नाव घालून घ्यायचंय, 'आय वाँट टू गेट माय नेम ॲडेड'. कापून घेतले, शिवून घेतला, काढून घेतली, दुसऱ्याकडनं काम करवलं आणि मराठीत 'घेणे' शेपटीला आला की तिथं हा गेट डोळे मिटून टाका.

आणि ऑफिसातलं सोन्यासारखं वाक्य, 'आय विल गेट इट डन बाय फ्रायडे.' शुक्रवारपर्यंत काम उरकतो. स्वतः करतो की दुसऱ्याकडनं करून घेतो ते सांगायची गरज नाही, झालं म्हणजे झालं. कस्टमरला हेच ऐकायचं असतंय.

माणसाकडनं करवून घ्यायचं असेल तर साचा बदलतो, गेट, माणूस, टू, साधं क्रियापद. 'आय गॉट द सुपरवायझर टू साइन', सुपरवायझरची सही घेतली, आणि यात थोडी खटपट, थोडी मनधरणी केली असा वास असतो. 'मेक' वापरला, 'आय मेड हिम साइन', तर जबरदस्ती केल्यासारखं होतंय. आणि मेकच्या मागं टू नाही, गेटच्या मागं टू पाहिजे. अपिसातली सही घ्यायला तीन चकरा मारलेल्या माणसाला गेट आणि मेकमधला हा फरक लगेच पटतो.

एक फट आहे तेवढी सांगते, 'ही गॉट हिज फोन स्टोलन' म्हणजे त्यानं फोन चोरून घेतला नाही, त्याचा फोन चोरीला गेला. साचा तोच, पण कोण स्वतःहून फोन चोरायला लावेल, म्हणून अर्थ कळतो.

आठवी पायरी: गेट टू आणि हॅव गॉट टू

'आय गॉट टू मीट हर' म्हणजे तिला भेटायला मिळालं, चान्स मिळाला. 'आय हॅव गॉट टू मीट हर' म्हणजे तिला भेटायलाच पाहिजे. बोलताना हॅव इतका गिळतात की दोन्ही सारखं ऐकू येतंय, 'गॉटा' असं. काल-परवाचं बोलणं चाललं असेल तर पहिला, आता-उद्याचं असेल तर दुसरा.

हॅव गॉट एकटा आला, टू नसला, तर त्याचा अर्थ 'जवळ आहे' असा होतो. 'हॅव यू गॉट चेंज', सुट्टे आहेत काय. 'आय हॅव गॉट थ्री ब्रदर्स', तीन भाऊ आहेत. मिळालेले नाहीत, आहेत. मागच्या काळाला हा चालत नाही, तिथं साधा 'हॅड'.

आपल्याकडं 'आय गॉट टू नो दॅट' म्हणजे मला कळलं की, असं सर्रास म्हणतात. बाहेरच्या माणसाला ते जरा विचित्र वाटतं, कारण 'गेट टू नो' त्याच्या लेखी एखाद्याशी हळूहळू ओळख वाढणे. कळलं म्हणायला 'आय हर्ड' किंवा 'आय फाउंड आउट'.

कळण्यावरनं आठवलं, 'गॉट इट?' म्हणजे कळलं काय. कन्नडात 'गोत्तातेन?' म्हणजे पण कळलं काय. दोघांचा काही संबंध नाही, नुसता योगायोग, पण एकदा ऐकला की 'गॉट इट' कधीच विसरत नाही. मात्र कळलं नाही म्हणताना 'आय ॲम नॉट गेटिंग यू' नको, 'आय डोन्ट गेट इट' म्हणा, साहेबांसमोर असाल तर 'सॉरी, आय डिडन्ट फॉलो'.

नववी पायरी: मागं छोटा शब्द आला तर जोडी पाठ करा

अप, ऑन, ऑफ, इन, आउट, ओव्हर, बाय, थ्रू. इथं तर्क चालत नाही, जोडीच्या जोडी घ्यायची. सगळ्या घेऊ नका, ढीगभर आहेत. लागणाऱ्या सांगते.

गाडीत चढणे-उतरणे पहिलं. बस, ट्रेन, विमान याला गेट ऑन आणि गेट ऑफ. कार आणि रिक्षाला गेट इन आणि गेट आउट. जिथं आत उभं राहून चालता येतं तिथं ऑन-ऑफ, जिथं वाकून डायरेक्ट सीटवर बसायचं तिथं इन-आउट, आणि ज्याच्यावर टांग टाकून बसायचं, सायकल, बाइक, घोडा, तिथं परत ऑन-ऑफ. त्यामुळं रिक्षावाल्याला 'आय विल गेट आउट हिअर' म्हटलं तर त्यात अपमान नाही. आपल्याला गेट आउट म्हणजे वर्गाबाहेर काढणारे सरच आठवतात, त्याला इलाज नाही.

आता 'गेट डाउन'. सीबीटी बसस्टँडातनं सुटलेल्या बसमध्ये कंडक्टर 'इळीरी' म्हणतो, आपण 'उतरा' म्हणतो, दोन्हीत वरनं खाली येणं आहे, म्हणून आपल्या इंग्लिशमध्ये 'आय विल गेट डाउन ॲट गोगटे सर्कल' आपोआप येतं. भारतभर चालतं, मी कुणाला टोकत नाही. पण फोनवर लंडनचा कस्टमर असेल तर 'गेट ऑफ', कारण त्याच्याकडं गेट डाउन म्हणजे झाडावरनं, शिडीवरनं खाली उतर, आणि 'इट गेट्स मी डाउन' म्हणजे त्यानं माझं मन खट्टू होतं.

फोनसाठी दोन. 'आय कुडन्ट गेट थ्रू', फोन लागला नाही. 'आय विल गेट बॅक टू यू', बघून सांगतो. दुसरं वाक्य ऑफिसात देव आहे, उत्तर येत नसताना पण इज्जत राहते, फक्त नंतर खरोखर सांगा.

माणसांसाठी, 'गेट अलाँग विथ', पटणे, सासू-सुनेचं पटतं, शेजाऱ्यांचं पटतं. 'गेट ओव्हर', तापातनं किंवा दुःखातनं बाहेर येणे. 'गेट अवे विथ', करून सवरून सुटणे, पचवणे. 'व्हॉट आर यू गेटिंग ॲट' म्हणजे तुला नेमकं म्हणायचंय काय, हे जरा चिडून.

आणि आपल्या भागासाठी खास, 'गेट बाय'. भागवणे, निभावणे. इंटरव्ह्यूला 'डू यू नो कन्नडा' विचारतात आणि आपण येस म्हणून अडकतो नाहीतर नो म्हणून बसतो. कामापुरती येत असेल तर 'आय कॅन गेट बाय इन कन्नडा' म्हणा. खरं पण आहे आणि ऐकायला पण चांगलं.

'गेट अप', 'गेट टुगेदर', 'गेट रिड ऑफ' हे तुम्हाला येतच असतील, सोडून देते.

गॉट की गॉटन

आपल्या पुस्तकात गेट, गॉट, गॉट असं आहे, ते ब्रिटिश. अमेरिकेत तिसरं रूप गॉटन. चूक कुठलंच नाही, गॉटन जुनंच आहे, इंग्लंडमध्ये मागं पडलं आणि अमेरिकेत टिकलं, फरगॉटनमध्ये तर अजून सगळीकडं आहे. अमेरिकन कंपनीत असाल तर एवढं बघा, 'आय हॅव गॉट अ कार' म्हणजे कार आहे, 'आय हॅव गॉटन अ कार' म्हणजे कार घेतली. परीक्षेत मात्र पुस्तकातलंच लिहा, पेपर तपासणाऱ्याशी वाद घालायला तुम्ही तिथं नसता.

मुळात हा शब्द इंग्लिशचा नाहीच, इंग्लंडात येऊन राहिलेल्या व्हायकिंग लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतला. आपण अण्णा-अक्का कन्नडातनं घेतले आणि आता ते आपलेच वाटतात, शेजार म्हटल्यावर असं चालायचंच.

कुठं वापरायचा नाही

अर्ज, कव्हर लेटर, सरकारी पत्र, रिपोर्ट. तिथं गेट सैल वाटतो. 'आय गॉट युवर लेटर' ऐवजी 'आय रिसीव्ड', 'गॉट बेटर' ऐवजी 'इम्प्रूव्हड', 'गॉट अ डिग्री' ऐवजी 'ऑब्टेन्ड'. पण हे उलटं बोलण्यात आणू नका. आमच्याकडं एकजण आईला दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांना 'शी हॅज ऑब्टेन्ड फीव्हर' म्हणाला होता, डॉक्टर चांगले, हसले नाहीत. मेलचं मधलं आहे, ओळखीच्या कस्टमरला गेट चालतो, पहिल्याच मेलला नको.

सराव कसा करायचा

यादी पाठ करू नका. रात्री वहीत दिवसभरातली चार-पाच वाक्यं मराठीतच लिहा, जशी तोंडातनं निघतात तशी. आज बस मिळाली नाही, भिजलो, दहाला पोचलो, गाडी धुवून घेतली, मॅनेजरला भेटायला मिळालं. मग प्रत्येकाला गेट लावून बघा. मिळाली, झालो, पोचलो, करून घेतली, भेटायला मिळालं, हे पाच प्रकार आठवड्यात कधी ना कधी येतातच, तुमच्या आयुष्यातनंच येतात. दुसऱ्याच्या पुस्तकातलं 'जॉन गॉट अ लेटर' लिहून काही होत नाही, जॉनला पत्र आलं त्याचं आपल्याला काय.

आणि क्रिकेटची इंग्लिश कॉमेंटरी लावा, मॅच तर बघताच. 'गॉट हिम!' विकेट काढली. 'ही गेट्स ऑफ द मार्क', खातं उघडलं. 'गेट्स टू हिज फिफ्टी', पन्नाशीला पोचला. 'दॅट गेट्स थ्रू द गॅप', दोन फिल्डरच्या मधनं गेला. 'गेट्स अ थिक एज', बॅटची जाड कड लागली. इथं चित्र समोर दिसत असतंय म्हणून अर्थ विचारायला लागत नाही, आणि एका ओव्हरमध्ये गेटचे तीन-चार अर्थ होऊन जातात. मोबाईलवर बघत असाल तर हेडफोन लावून बघा, नाहीतर टाळ्या-शिट्ट्यांच्या आवाजात तो आखूड ए ऐकू येत नाही. पहिल्या दिवशी फक्त गेट किती वेळा आला ते मोजा, दुसऱ्या दिवसापासनं त्याच्या मागचा शब्द लिहून काढा.